हत्ती, हंस आणि हातावरचं बक्षीस

चहा घ्या, पण कप हातात धरून ऐकू नका. सुनेचा गालिचा नवा आहे, आणि हा किस्सा ऐकताना आतापर्यंत दोघींनी चहा सांडलाय. हसायचं असेल तर माझ्यावर हसा, परवानगी आहे. लोकांच्या फजित्या मी जन्मभर रंगवून सांगितल्या. आता स्वतःची सांगताना लाजून कसं चालेल?

नव्या मुली आल्यात आज, त्यांच्यासाठी आधी माझी ओळख. मी सांगलीची. शाळा चौथीत सुटली, पुढचं शिक्षण माझं मीच केलं. किराण्याच्या पुड्या सोडवून वाचायची. मंदार, माझा मुलगा, इंग्रजीच्या कविता पाठ करायला बसायचा तेव्हा मी शेजारी पोळ्या लाटत असायची. त्याच्याआधी मला पाठ! इथं हॉलंडात, रायस्वाइकला आल्यावर डच शिकले ती सुपरमार्केटच्या फळ्यांपुढे उभी राहून. कार्नेमेल्क म्हणजे ताक, हे मला कुणी सांगितलं नाही. मी घरी आणलं, चाखलं आणि कढी केली.

नवरा लवकर गेला. मंगल कार्यालयात पोळ्या लाटून मुलगा इंजिनिअर केला. आणि त्या कार्यालयातली ती लाटण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही, कारण पुढे तीच माझ्या टाळक्यात बसणार आहे.

तर, एका लग्नात नवरदेवाचे वडील पंगतीतून फिरत होते. वाढप्यांना बक्षिसं वाटत. जिलबी वाढणारा, मठ्ठा वाढणारा, पाणी वाढणारा, ज्याच्या हातात पळी दिसेल त्याला नोट. आम्ही बायका मागच्या अंगणात, धुरात, परातीपुढे. आमच्याकडे कोण बघतो? मी उठले. पिठाचे हात, हातात लाटणं, तशीच भर पंगतीत गेले आणि विचारलं, "अहो व्याही, पोळ्या काय आभाळातून पडल्या?"

सगळी पंगत थांबली. माणूस भला होता, चपला घालून मागच्या अंगणात आला आणि आम्हा सगळ्यांपुढे हात जोडले. ही गोष्ट सांगलीत अजून सांगतात.

म्हणजे, मी सांगते.

आता जहाजाकडे चला. माझी पंचाहत्तरी झाली म्हणून मंदारनं ठरवलं, आईला समुद्रातून नॉर्वे दाखवायचं. रॉटरडॅमहून जहाज. मी, मंदार, सून केतकी आणि नात रेवा. रेवाचं असं आहे, मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. चिडली की डचमध्ये. त्यामुळे तिचा मूड मला भाषेवरून कळतो.

निघायच्या आदल्या दिवशी मंदार लॅपटॉपवर काहीतरी तपासत होता. मी विचारलं, "आणि तिथल्या नोकरमाणसांना काय द्यायचं? पाकिटं आणलीत मी सांगलीहून, रुपया चिकटवलेली."

"द्यायचं नाही काही, आई. सर्व्हिस चार्ज प्रीपेड आहे. तिकिटाबरोबरच भरला."

"म्हणजे?"

"म्हणजे टिप आधीच दिली."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"सगळे म्हणजे कोण? नाव काय त्यांचं?"

"आई, असं नाव नसतं. सिस्टिम असते."

ऐकलंत? सिस्टिम! अहो, काम बघायच्या आधी बक्षीस? वरात निघायच्या आधी बारशाच्या घुगऱ्या? दिवाळीची पोस्त आपण कशी देतो? माणसाला दारात बोलवतो, बस म्हणतो, फराळाचं देतो, आणि मग हातावर ठेवतो. त्याचं तोंड बघतो, तो आपलं बघतो. आणि हा म्हणतो, बटण दाबलं, झालं.

मी गप्प बसले. केतकीनं लगेच मंदारकडे बघितलं. मी गप्प बसले की या घरात सगळे घाबरतात. ते बरोबरच आहे.

जहाज म्हणजे काय हो, आख्खं गाव तरंगतंय! माझी आणि रेवाची खोली एक, मंदार-केतकीची शेजारी. आमच्या खोलीची झाडलोट करायला वायान नावाचा माणूस होता, बालीचा. हसरा, चाळिशीचा. मला पहिल्या भेटीत "इबू" म्हणाला. त्यांच्याकडे आईला, मोठ्या बाईला तसं म्हणतात. झालं! एकदा आई म्हणालास की तू माझा. त्या संध्याकाळी पलंगावर त्यानं टॉवेलचा हंस करून ठेवला होता. मान वाकडी, चोच खाली. मला रडूच आलं. आणि या माणसाचं बक्षीस सिस्टिम देणार?

दुसऱ्या सकाळी सगळे नाश्त्यात गुंतले होते तेव्हा मी गेले चौकशीच्या काउंटरवर. एकटी. साडी नेसून, कारण भांडायचं असलं की मला साडीच लागते.

रांग होती. माझ्यापुढे एक उंच डच बाई, पर्समधून स्वतःची चहाची पुडी डोकावतेय. तिनं विचारलं, तुम्ही कशाला आलात? मी म्हटलं, सर्व्हिस चार्ज काढून टाकायला. तिचा चेहरा असा उजळला!

"खूत झो, मेफ्राउ!" म्हणाली. शाब्बास बाई! "मीही त्यासाठीच आलेय. तिकिटाचे पैसे दिलेत ना आपण? मग आणखी कशाला?"

आमची वाट एक होती, गाव वेगळं होतं. पण शाबासकी कुणाला नको असते? मी घेतली.

काउंटरवरचा मुलगा फार अदबीनं म्हणाला, "मॅडम, सेवेत काही कमी पडलं का?"

"काही नाही. माणूस सोनं आहे. पण मी माझ्या हातानं देणार. हा चार्ज काढ."

"फक्त तुमचा, की चौघांचा? बुकिंग एकच आहे."

"घरात मोठी कोण? मी. चौघांचा."

त्यानं पडद्याकडे बघितलं. "मॅडम, इथं कारण लिहावं लागतं."

आता इथं मी गप्प बसले असते तर आज हा किस्साच नसता. पण जन्मात कधी बसलेय? मी काउंटरवर बोट आपटून म्हटलं, "लिही! आय ॲम नॉट सॅटिस्फाइड विथ धिस होल सिस्टिम!"

"नॉट सॅटिस्फाइड?"

"मुळीच नाही. लिही!"

त्या बिचाऱ्यानं लिहिलं. मी ताठ मानेनं परत आले. जाताना त्या मेफ्राउनं अंगठा वर केला.

आणि बघा हं, त्या दिवसापासून काय चमत्कार! संध्याकाळी खोलीत शिरले तर पलंगावर हंस आणि शेजारी हत्ती. माझ्या सपाता पलंगाखाली, एका रेषेत, जशा परेडला उभ्या. चष्मा पुसून मऊ फडक्यावर. चिवड्याच्या डब्यावर नॅपकिनचं गुलाबाचं फूल!

मी मंदारला बोलावून दाखवलं. "बघ. याला म्हणतात माणुसकी. त्याला कळलंय की या बाईला माणसाची कदर आहे."

"कसं कळलं त्याला?"

"डोळ्यांवरून कळतं."

तिसऱ्या दिवशी हँगरला टॉवेलचं माकड लटकत होतं, वर माझी टोपी. वायान भेटेल तिथं विचारायचा, "इबू, सगळं ठीक? काही चुकलं का?" हसायचा, पण हसू गालापर्यंतच, डोळ्यांत नाही. मला वाटलं, घरची आठवण येत असेल. धीर द्यावा म्हणून मी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि माझ्या इंग्रजीत प्रेमानं म्हटलं, "वायान, यू वेट. लास्ट डे, यू विल सी व्हॉट यू गेट फ्रॉम मी!"

तो पांढरा पडला.

त्याच्या पुढच्या दिवशी पलंगावर दोन हत्ती होते, एक ससा होता, आणि आम्हाला झोपायला जागा नव्हती. रेवा म्हणाली, "आजी, धिस इज गेटिंग वीअर्ड." मी म्हटलं, "तुला नाही कळायचं. हे प्रेम आहे."

इकडे दुसरंच नाटक. रेवाला फोनवर दिसलं की आमच्या नावावर जहाजावर खर्चायला पैसे जमा झालेत. तेही बऱ्यापैकी. मंदार म्हणाला, "वाऱ्यामुळे एक बंदर चुकलं ना, त्याची भरपाई दिली असेल." इंजिनिअर हो! प्रत्येक गोष्टीला कारण तयार. केतकीचा खांदा महिनोन्महिने धरलेला. इथं हाउसआर्ट्सकडे गेली की तो डॉक्टर पॅरासिटामॉल घे म्हणतो आणि घरी पाठवतो. मीच म्हटलं, "जा गं, आयते आलेत पैसे, मालिश करून घे." ती गेली. गुलाबी होऊन आली. म्हणाली, "आई, स्वर्ग होता हो!"

शेवटच्या रात्रीच्या आदल्या संध्याकाळी मी पाकीट काढलं. त्यावर कुंकवाचं बोट लावलं, आत नोटा घातल्या, आणि वायानला बोलावणं धाडलं. केस विंचरून बसले. जरा भाषणही मनात तयार केलं होतं.

दार वाजलं. वायान होता, पण एकटा नाही. पुढे त्याची वरची साहेबीण, कडक इस्त्रीची, हातात फळांची टोपली. वायान तिच्या मागे, हात बांधून, मान खाली. मला एकदम मंदारचा शाळेतला दिवस आठवला. त्यानं काच फोडली होती आणि हेडमास्तर त्याला घेऊन घरी आले होते. अगदी तस्साच उभा.

"मॅडम," साहेबीण म्हणाली, "तुमचा प्रवास समाधानाचा झाला नाही याबद्दल आम्ही माफी मागतो. वायाननं नक्की काय चूक केली ते सांगाल का? आम्हाला नोंद करायची आहे."

"चूक? यानं? कोण म्हणालं?"

"तुम्हीच, मॅडम. काउंटरवर. चौघांचा चार्ज काढलात, असमाधानी म्हणून. खोली याच्याकडे आहे, म्हणून आम्ही याला विचारलं. याला काही सांगता येईना."

अहो, माझ्या पायाखालचं जहाज हललं. खरं म्हणजे ते हलतच होतं, पण मला तेव्हा कळलं.

मी हत्तीकडे बघितलं. मग सशाकडे. मग माझ्या परेडला उभ्या सपातांकडे. हे प्रेम नव्हतं हो. ही भीती होती, घड्या घालून ठेवलेली. रोज संध्याकाळी तो माणूस घाबरून टॉवेलचे हत्ती वळत होता, आणि मी त्याला माणुसकी म्हणत होते!

"अहो, तो सोनं आहे!" मी ओरडलेच. "मी सिस्टिमवर नाराज होते. मला हातानं द्यायचं होतं. हे बघा पाकीट! याच्यासाठी!"

साहेबिणीनं पाकिटाकडे बघितलं, मग जरा मवाळ झाली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही चार्ज काढलात, तर हे पाकीटही त्याला स्वतःकडे ठेवता येत नाही. ते सगळ्यांच्यात जमा करावं लागतं."

"सगळ्यांच्यात म्हणजे? नाव काय त्यांचं?" मी मंदारला विचारलं होतं तेच, तशाच तोऱ्यात.

"नावं पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "कपडे धुणारे, भांडी घासणारे, खाली स्वयंपाकघरात बटाटे सोलणारे, पहाटे पाव भाजणारे. तुम्हाला ते दिसत नाहीत. तो चार्ज त्यांच्यातही वाटला जातो."

मी पलंगावर बसले. हत्तीवरच बसले, खरं तर.

मला ते अंगण दिसलं, मैत्रिणींनो. धूर, परात, आणि आम्ही बायका. रोज सकाळी मी जहाजावर तो ऊन ऊन पाव खात होते, वर लोणी लावून, आणि म्हणत होते, काय मऊ आहे! एकदाही मनात आलं नाही की हा कुणी मळला. ज्याच्या हातात पळी दिसली त्याच्यासाठी मी पाकीट काढलं. आणि मागच्या अंगणात जे काही आधीच पोचलं होतं, ते मी साडी नेसून, रांगेत उभं राहून, परत घेऊन आले!

लाटणं घेऊन पंगतीत शिरलेली मी. आणि पंचाहत्तरीला पंगतीतून नोटा वाटत फिरणारा तो व्याहीही मीच. तो बिचारा निदान चपला घालून मागे तरी आला होता.

आणखी एक सांगते, मग पुढे जाऊ. हातानं देण्याचा मला इतका आग्रह का? माणुसकी, माणुसकी म्हणत होते. त्यात माणुसकी आहेच, मी ती सोडणार नाही. पण देताना आपला हात वर असतो, हेही आहे. जन्मभर माझा हात खाली होता. आता कुठे वर करायला मिळाला होता, आणि तो वर केलेला कुणीतरी बघायला हवा होता. सिस्टिमकडे बघणारे डोळे नसतात, माझी खरी तक्रार ती होती. हे मला त्या हत्तीवर बसून कळलं. बसायला बरा होता.

मी उठले. तशीच काउंटरवर. रांगेत पुढे कोण असावी? तीच मेफ्राउ! तिला आनंद झाला.

"परत? आणखी काय काढून घेतलंत?"

"काढलेलं परत लावायला आलेय."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वाळलेलं धुणं काढून पुन्हा चिखलात टाकतेय. अंगठा काही वर झाला नाही.

काउंटरवर तोच मुलगा. म्हटलं, "बाळा, तो चार्ज परत लाव. चौघांचा."

त्यानं पडद्यावर बघितलं. "लावतो, मॅडम. पण परत दिलेल्या पैशातले बरेचसे खर्च झालेत."

"कशात?"

"स्पा."

तोवर मंदार, केतकी, रेवा मला शोधत तिथं पोचले होते. केतकीनं हे ऐकलं आणि तिचा हात आपोआप खांद्यावर गेला.

"अहो आई! म्हणजे माझा खांदा भांडी घासणाऱ्यांच्या पैशातून चोळला?"

"बटाटे सोलणाऱ्यांच्याही," मी म्हटलं. कबूल करायचं तर पुरतं करावं.

"अगं, पण मला विचारायचंस ना एकदा!" मंदार कपाळाला हात लावून.

"तू सिस्टिम म्हणालास. बटाटे म्हणाला असतास तर कळलं असतं मला."

रेवा इतकी हसत होती की काउंटरला धरून उभी. पैसे माझे मी भरले. मंदार पाकीट काढायला लागला, त्याचा हात मागे सारला. चूक माझी, तर भरपाई पण माझीच. मग त्या मुलानं पुन्हा विचारलं, "मॅडम, कारण?"

"लिही, पाहुणीच चुकली."

त्यानं शोधलं. वर गेला, खाली गेला. "मॅडम, असा पर्याय नाही."

काय गंमत बघा! खोली चुकू शकते, जेवण चुकू शकतं, वायान चुकू शकतो. पाहुणा चुकेल हे त्या यंत्राला सुचलेलंच नाही. शेवटी त्यानं 'अदर' निवडलं. जन्मात मला कुणी अदर म्हटलं नव्हतं.

"पण शेरा लिहायला जागा आहे," तो म्हणाला.

"मग मी सांगते तसा लिही. रूम इज गोल्ड. मॅन इज गोल्ड. ओल्ड वूमन इज डाँकी."

त्यानं हात थांबवला. "डाँकी, मॅडम?"

"डाँकी. स्पेलिंग सांगू?"

लिहिलं त्यानं. साहेबिणीनं वायानला बोलावून तो शेरा वाचायला दिला म्हणे. मला रेवानं सांगितलं; ती बघायला गेली होती. तो वाचून भिंतीला टेकून हसला. या वेळी डोळ्यांपर्यंत.

आणि पाकीट? दिलं! हो, दिलंच. आता त्याला ते ठेवता येत होतं. मी सुधारले असेन, बदलले नाही. भाषण मात्र केलं नाही. नुसतं म्हटलं, "वायान, सॉरी." त्यानं दोन्ही हातांनी घेतलं, वरचा रुपया बघून विचारलं, हा कशाला? म्हटलं, "म्हणजे देणंघेणं शून्यावर संपत नाही, पुढे चालू राहतं." त्याला ते पटलेलं दिसलं.

शेवटच्या सकाळी नाश्ता करून खोलीत आले. पलंगावर हत्ती नव्हता, हंस नव्हता, ससा नव्हता. एक टॉवेल, साधी घडी घातलेला. सपाता मी टाकल्या तशाच, एक इकडे, एक तिकडे. काय बरं वाटलं म्हणून सांगू! आठवडाभरात पहिल्यांदा तो माणूस माझ्या खोलीतून निवांत गेला होता.

तेव्हापासून मला एक खोड लागलीय बघा. कुणी जरा जास्त गोड वागायला लागलं की मी आधी स्वतःला तपासते. परवाचीच गोष्ट. केतकीनं सकाळपासून न मागता तीनदा चहा दिला. तिसऱ्यांदा वर आल्याची वडी, आणि म्हणते कशी, "आई, पाय चेपून देऊ का?"

हळूच मंदारच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि विचारलं, "अरे, खरं सांग. मी तिच्याबद्दल कुठे काय बोलून बसलेय?"